वाचकांचे प्रश्न : वाताच्या सुजेसाठी कोणत्या डॉक्टरांकडे जावे?

प्रश्न : माझ्या आईचे वय 46 आहे. आम्ही अहमदपूर तालुक्यात राहतो, घरी थोडी कोरडवाहू शेती आहे. श्रावणात आईच्या दोन्ही हातांची बोटे सुजू लागली. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, भाकरी थापताना मनगट साथ देत नाही, आणि हे आखडलेपण दहा-अकरा वाजेपर्यंत जात नाही. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. एक्स-रे साफ निघाला, रक्तातला आरए फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणून त्यांनी कॅल्शियम आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. पुढे एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून बाहेरगावाहून पुड्या आणल्या. चार दिवसांत आई उठून खुरपायला जाऊ लागली. आता मात्र तिचा चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसतो, साखर वाढलेली निघाली आहे, आणि एक दिवस पुडी चुकली तरी तिला अंथरुणातून उठवत नाही. कोणी पुण्याला न्या म्हणते, कोणी हैदराबादला. दर महिन्याला एवढ्या लांब जाणे आम्हाला झेपणारे नाही. काय करावे?

उत्तर : आधी पुडीविषयी लिहितो, कारण आपल्या पत्रातली सर्वांत तातडीची बाब तीच आहे. घटक न लिहिलेल्या औषधाने चार दिवसांत सांधे मोकळे व्हावेत, मग चेहरा गोल व्हावा, साखर वाढावी आणि एक मात्रा चुकताच रुग्णाने अंथरूण धरावे, हा क्रम पाहिला की त्या पुडीत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड असल्याचा दाट संशय येतो. तरीही पुडी एकदम बंद करू नका. शरीराला स्टिरॉइड बाहेरून मिळत राहिले की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथी ते स्वतः तयार करणे कमी करतात. अशा वेळी पुरवठा अचानक तुटला तर रक्तदाब कोसळू शकतो, उलट्या सुरू होतात, आणि प्रसंगी ते जिवावर बेतते. उरलेल्या पुड्या आणि साखरेचा रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात एखाद्या एमडी मेडिसिन डॉक्टरांना भेटा. लातूर, अंबाजोगाई किंवा नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मेडिसिनची ओपीडीही त्यासाठी चालेल. त्यांना पुड्यांबद्दल न लाजता सगळे सांगा. ते मोजून-मापून प्रेडनिसोलोन सुरू करतील आणि पुढे त्याचा डोस टप्प्याटप्प्याने उतरवतील. स्टिरॉइड हे मुळात वाईट औषध नाही; मुख्य औषधाचा गुण येईपर्यंत आम्ही डॉक्टरही थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी ते वापरतो. किती घेतले आणि किती दिवस घेतले, याचा हिशेब कोणाकडेच नसणे, हा पुडीतला खरा धोका आहे.

आता निदानाकडे वळू. दोन्ही हातांच्या लहान सांध्यांना सूज, तीही सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली, आणि सकाळचे आखडलेपण तासाहून जास्त, हे वर्णन आमवाताकडे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसकडे बोट दाखवते. आरए फॅक्टर निगेटिव्ह आल्याने ती शक्यता संपत नाही. आमवाताच्या चार-पाच रुग्णांमागे साधारण एकाच्या रक्तात हा घटक सापडतच नाही. उलट क्षयरोग किंवा हिपॅटायटिस सी असलेल्यांत आणि काही धडधाकट वृद्धांतही तो सापडतो. केवळ या एका रिपोर्टवर रोग ठरवणे जितके चूक, तितकेच रोग नाकारणेही चूक. अँटी-सीसीपी ही तपासणी अधिक नेमकी आहे, ईएसआर आणि सीआरपी यांवरून शरीरातल्या दाहाचा अंदाज येतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत एक्स-रे साफ निघणे हे तर नेहमीचेच आहे. पण अखेर हा रोग बोटांनी चाचपून ओळखायचा असतो. जाणता डॉक्टर बोटांचा एकेक पेराचा सांधा, मग मनगट, मग पावलांचे सांधे दाबून पाहतो, कुठे दुखते आणि कुठे मऊसर सूज हाताला लागते हे मोजतो आणि तो आकडा लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या भेटीत सुधारणा झाली की नाही हे आठवणीवर सोडावे लागत नाही. ज्या डॉक्टरांनी आईच्या हाताला हातच लावला नाही, त्यांचे मत कितीही गर्दीच्या दवाखान्यातले असले तरी अपुरेच धरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाडांच्या डॉक्टरांकडे जाण्यात आपले काही चुकले नाही. सांधा दुखला की आपल्याकडे पावले तिकडेच वळतात. अस्थिभंग, झिजलेले गुडघे, शस्त्रक्रिया हा त्यांचा प्रांत आहे. आमवातात मात्र बिघाड रोगप्रतिकारशक्तीत असतो. ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते, आणि योग्य औषध न मिळाल्यास फुप्फुसे, डोळे, रक्तवाहिन्या यांनाही झळ पोहोचते. त्यासाठी संधिवाततज्ज्ञ हवा, ज्यांना पाटीवर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हटलेले असते. एमडी मेडिसिन झाल्यानंतर तीन वर्षांचा डीएम किंवा डीआरएनबी अभ्यासक्रम हा या विषयाचा सरळ मार्ग आहे; काही ज्येष्ठ डॉक्टरांनी एमडीनंतर फेलोशिप करून याच विषयात आयुष्य घालवले आहे, आणि तेही तितकेच विश्वासाचे आहेत. पदव्यांविषयी शंका वाटल्यास महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे डॉक्टरांची नोंदणी तपासता येते. संधिवात, मणका, मूळव्याध आणि लठ्ठपणा हे चारही एकाच पाटीवर असतील, तर ती पाटी वाचून पुढे चालू लागावे.

असे तज्ज्ञ मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत फार थोडे आहेत आणि जे आहेत ते बहुतेक छत्रपती संभाजीनगरात आहेत. काही तज्ज्ञ महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन रुग्ण तपासतात. त्यांचे दिवस मोठ्या औषध दुकानदारांना आणि रक्त तपासणाऱ्या लॅबवाल्यांना पाठ असतात, तेव्हा लातूर-नांदेडकडे आधी तिथे चौकशी करावी. पुणे आणि मुंबईत तज्ज्ञ पुष्कळ आहेत. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि नांदेड-परभणीकडच्या लोकांना देवगिरी एक्सप्रेसने सिकंदराबाद गाठणे पुण्यापेक्षा सोपे पडते. पुणे की हैदराबाद, या प्रश्नाला वैद्यकीय उत्तर नाही. ज्या शहरात मुक्कामाला घरचे माणूस आहे, जिथली भाषा आईला कळते, आणि जिथे सहा महिन्यांनी पुन्हा जाणे शक्य आहे, ते शहर निवडा. एकदाच गाठलेल्या नामांकित डॉक्टरांपेक्षा चार वेळा गाठता येणारे साधे तज्ज्ञ या आजारात जास्त उपयोगी पडतात.

दर महिन्याला जाण्याची धास्ती मात्र मनातून काढून टाका. या आजाराला दोन डॉक्टर लागतात. निदान करणे, औषधाची निवड आणि डोसमधील बदल हे तज्ज्ञांच्या हाती असावे. रक्ततपासण्या, ताप-खोकला, साखर, रक्तदाब हे जवळच्या फिजिशियनने सांभाळावे. पहिल्या भेटीनंतर महिना-दीड महिन्याने एकदा, मग रोग काबूत येईपर्यंत दोन-तीन महिन्यांनी, आणि त्यानंतर चार-सहा महिन्यांनी जाणे बहुतेकांना पुरते. मधल्या काळात रिपोर्ट पाठवून फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला घेता येतो. 2020 सालच्या केंद्र सरकारच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीकृत डॉक्टरांना तशी मुभा दिली आहे. पहिल्याच भेटीत तज्ज्ञांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा : मधले रिपोर्ट आपण फोनवर पाहाल का, आणि आमच्या गावाकडच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी द्याल का? या दोन्ही प्रश्नांवर ज्यांच्या कपाळावर आठी पडते, त्यांची फी कमी असली तरी ते आपल्याला महागात पडतील.

जाताना फाईल नीट लावून न्या. सगळे जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमाने, एक्स-रेच्या फिल्मसह, आजवर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, आणि उरलेली पुडीसुद्धा. सूज सकाळी असते आणि दुपारी ओपीडीत नंबर लागेपर्यंत उतरलेली असते, म्हणून सकाळी उठल्याबरोबर दोन्ही हातांचे पंजे उजेडात पसरून मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मूठ पूर्ण वळायला किती वाजतात ते आठवडाभर लिहून काढा. अंगावर सोरायसिसचे चट्टे आहेत का, डोळे वरचेवर लाल होतात का, घरात कोणाला क्षय झाला होता का, आणि हे सारे चिकनगुनियाच्या तापानंतर तर सुरू झाले नाही ना, हेही आठवून ठेवा. 2006 साली मराठवाड्यात चिकनगुनियाची मोठी साथ येऊन गेली, तेव्हा महिनोन् महिने सुजलेले सांधे घेऊन लोक हिंडत होते, आणि त्यांना आमवातापासून वेगळे काढणे डॉक्टरांनाही सोपे गेले नव्हते.

बहुधा मेथोट्रेक्सेट हे पहिले औषध दिले जाईल, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण औषध उत्तम असूनही ते घेण्यातली एक चूक जीवघेणी ठरते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी कोसळतात आणि मृत्यूही ओढवतो. गावाच्या आठवडी बाजाराचा दिवस त्यासाठी ठरवून टाकावा; तो घरात कोणी विसरत नाही. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दुसऱ्या दिवशी घ्यावी, आणि दोन्ही पाकिटांवर जाड पेनाने दिवस लिहून ठेवावा. कर्करोगाचे औषध म्हणून दुकानदाराने घाबरवले तर घाबरू नका. तिथला डोस कित्येक पटींनी मोठा असतो. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत औषध लागू पडत नाही म्हणून डॉक्टर बदलू नयेत. रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे साधारण तीन महिन्यांनी करावी लागते. ताप आला तर त्या आठवड्याची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. लघवीच्या जळजळीसाठी गावातल्या दवाखान्यात कधी कधी कोट्रायमॉक्साझोल हे जंतुनाशक दिले जाते, ते मेथोट्रेक्सेटबरोबर धोकादायक आहे. आईचे औषध चालू आहे हे त्या डॉक्टरांना आधीच सांगा.

खर्चाचे म्हणाल, तर मेथोट्रेक्सेट, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासॅलाझिन ही मूळ औषधे महाग नाहीत. जनऔषधी केंद्रात मिळाली तर आणखी स्वस्त पडतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, त्यामुळे रोजच्या गोळ्यांसाठी तिच्यावर भिस्त ठेवता येणार नाही. योजनेची हेल्पलाइन 155388 आहे; राज्याबाहेर जाण्यापूर्वी तिथे अवश्य विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत, तेव्हा जेवढ्या रक्ततपासण्या तिथे होतात तेवढ्या तिथेच करून घ्याव्यात. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धे तिकीट आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच.

रोग सुरू झाल्यापासून पहिल्या काही महिन्यांत योग्य उपचार मिळाले तर सांधे वाकडे होणे बहुतांशी टाळता येते. श्रावणापासून मोजले तर तो काळ सरत आला आहे, म्हणून फिजिशियनला दाखवतानाच तज्ज्ञांची वेळ ठरवून ठेवा. आईने आंबट सोडले असेल, तर तिला पुन्हा खाऊ द्या. चिंचेने आमवात वाढतो याला आधार नाही, आणि आधीच तोंडाची चव गेलेल्या बाईच्या ताटातून आंबटवरणही काढून घेण्यात काय मिळवायचे?

प्रश्न : मी परभणीचा निवृत्त शिक्षक आहे. माझ्या 24 वर्षांच्या मुलाला दोन वर्षांपासून कंबरदुखी आहे. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, उठून अंगणात फेऱ्या मारल्या की बरे वाटते. कमरेच्या एमआरआयमध्ये गादी थोडी सरकल्याचे सांगितले, पट्टा दिला आणि पूर्ण आराम करायला सांगितले. आरामाने दुखणे वाढते. मध्यंतरी त्याचा एक डोळा लाल होऊन फार दुखला होता. हे मणक्याचे दुखणे आहे का?

उत्तर : गुरुजी, आपण पत्रात लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की चित्र बरेच स्पष्ट होते : चाळिशीच्या आत सुरू झालेले दुखणे, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबर, आणि लाल झालेला डोळा. हा अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसच्या, म्हणजे मणक्याच्या आणि कमरेच्या सांध्यांना धरणाऱ्या वाताच्या गटातला दाह असण्याची बरीच शक्यता आहे. सरकलेल्या गादीचे दुखणे सहसा कामाने वाढते आणि पडून राहिल्याने कमी होते. आपल्या मुलाचे नेमके उलट आहे. एमआरआयमध्ये गादी थोडी सरकलेली तर कसलाही त्रास नसलेल्या पुष्कळ लोकांतही दिसते.

संधिवाततज्ज्ञ बहुधा माकडहाडाजवळच्या सांध्यांचा, म्हणजे सॅक्रोइलियाक सांध्यांचा वेगळा एमआरआय सांगतील. आधीचा कमरेचा एमआरआय ते सांधे नीट दाखवत नाही. एचएलए-बी27 ही रक्ततपासणी मदतीची आहे, पण निरोगी माणसांतही ती पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे तिचा रिपोर्ट हातात पडताच रोग झाला असे समजू नये. पट्टा सोडून द्यावा आणि पोहणे, पाठ ताणण्याचे व्यायाम, छाती भरून श्वास घेणे हे रोज करावे. या आजारात व्यायाम हा औषधाइतकाच महत्त्वाचा आहे. मुलगा सिगारेट-बिडी ओढत असेल तर ती थांबवावी. डोळा पुन्हा लाल झाला आणि उजेड सहन होईनासा झाला, तर दुकानातून थेंब आणून न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, कारण डोळ्याच्या आतला दाह नजर घालवू शकतो.

प्रश्न : मला तीन वर्षांपासून आमवात आहे. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड यांनी तो काबूत आहे. आता आम्हाला मूल हवे आहे. सासूबाई म्हणतात, सगळी औषधे बंद कर. मी काय करू? (जालना)

उत्तर : सासूबाईंची काळजी रास्त आहे, उपाय मात्र अर्धाच बरोबर आहे. ही दोन्ही औषधे गर्भाला घातक आहेत आणि ती गर्भधारणेपूर्वीच थांबवावी लागतात. मेथोट्रेक्सेट तीन महिने आधी थांबवण्याची पद्धत आहे. लेफ्लुनोमाइड शरीरात फार काळ रेंगाळते, म्हणून ते बाहेर काढण्यासाठी वेगळे औषध द्यावे लागते. पण सगळेच बंद केले तर आजार उसळतो आणि तोही गर्भासाठी चांगला नसतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन आणि गरजेपुरते कमी मात्रेतील प्रेडनिसोलोन गरोदरपणातही चालते. औषधे बदलून काही महिने आजार शांत राहिला की मगच गर्भधारणेचा विचार करा, आणि तोवर संततिनियमन सोडू नका. पाळी चुकली आणि यांपैकी एखादे औषध चालू असेल, तर ते लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शक्य असेल तर पुढच्या भेटीला सासूबाईंनाही बरोबर न्या; आपण घरी सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलेले अधिक पटते.

प्रश्न : दोन-तीन औषधे घेऊनही वडिलांचा आमवात आटोक्यात येत नाही. तज्ज्ञांनी बायोलॉजिक इंजेक्शन सुचवले, पण त्याआधी क्षयरोगाच्या तपासण्या करायला सांगितल्या. वडिलांना कधीच टीबी झालेला नाही. हा उगाच वाढवलेला खर्च तर नाही ना? (कंधार)

उत्तर : नाही; या तपासण्या न करता इंजेक्शन द्यायला निघालेल्या डॉक्टरांचाच संशय घ्यावा. आपल्या देशात अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू कोणतीही तक्रार न होता वर्षानुवर्षे दबून असतात. अडालिमुमॅब किंवा इटानरसेप्टसारखी बायोलॉजिक औषधे प्रतिकारशक्तीच्या ज्या दुव्यावर काम करतात, तोच दुवा या जंतूंना कोंडून ठेवत असतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि मँटू (हातावर टोचून) किंवा इग्रा (रक्तातून) यांपैकी एक चाचणी आधी करतात. दबलेला क्षय आढळला तर त्याचे औषध सुरू करून साधारण महिनाभराने इंजेक्शन देता येते. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्याही याच वेळी होतात.

खर्चाविषयी तज्ज्ञांशी मोकळेपणाने बोला. 2014 पासून अडालिमुमॅबची भारतीय बनावटीची आवृत्ती मिळते आणि ती मूळ परदेशी औषधापेक्षा स्वस्त आहे. टोफासिटिनिब हे गोळीच्या रूपातले औषधही आता भारतीय कंपन्या बनवतात. मात्र वडिलांचे वय पासष्टच्या पुढे असेल, ते धूम्रपान करत असतील किंवा त्यांना हृदयविकार होऊन गेला असेल, तर ही गोळी सहसा टाळतात, आणि ती घेताना नागीण उठण्याचा धोकाही वाढतो. कोणताही पर्याय ठरला तरी पहिल्या डोसपूर्वी कोणत्या लसी घ्यायच्या ते विचारून घ्या, कारण इंजेक्शने सुरू झाल्यावर जिवंत जंतूंच्या लसी देता येत नाहीत. इंजेक्शन थंड ठेवावे लागते, म्हणून नांदेडहून नेताना बर्फाच्या पिशव्यांसह थर्मासचा डबा बरोबर ठेवा, आणि इंजेक्शन बर्फाला थेट टेकणार नाही असे कापडात गुंडाळा. गोठलेले इंजेक्शन वापरता येत नाही.